वूडवर्डवरच्या शुक्रवारच्या रात्री : हॉट रॉड, ड्राइव्ह-इन आणि काचेला लटकलेला ट्रे

जुना_खटारा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात गॅरेज आवरायला काढलं. बर्फ ओढायच्या फावड्यांमागे एक ॲल्युमिनियमचा ट्रे सापडला. एका बाजूला दोन आकडे, खाली एक तिरका टेकू, टोकांना रबराची बोंडं. त्यातलं एक बोंड वाळून कुठेतरी गळून गेलेलं. सूनबाई म्हणाली, "बाबा, हे भंगारात ना?" मी म्हटलं, असू दे तिथंच. मग उलट्या बादलीवर अर्धा तास बसून राहिलो. म्हणून हा धागा.

१९६८च्या ऑगस्टात मी डेट्रॉइटला उतरलो. वेन स्टेटला एम.एस. करायला. खिशात रिझर्व्ह बँकेच्या कृपेचे आठ डॉलर आणि तासगावहून आईने दिलेली बेदाण्यांची पुरचुंडी. आमच्या घरात चाकाची वस्तू म्हणजे वडिलांची सायकल आणि बैलगाडी. इंजिन म्हणाल तर मळ्यातल्या विहिरीवरचं डिझेलचं.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर रॉयल ओक उपनगरातला एक मुलगा होता. बाप जनरल मोटर्सच्या कारखान्यात. त्याने स्वतः तीन उन्हाळे असेंब्ली लाइनवर काढून १९६५ची पॉन्टिॲक जीटीओ घेतली होती, सेकंडहँड. ३८९ क्युबिक इंचांचं व्ही-८ इंजिन, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. त्यावर एका ओळीत तीन कार्ब्युरेटर, हाताशी चार गिअरचा हर्स्टचा दांडा. कंपनीचा आकडा ३६० हॉर्सपॉवर. पहिल्या शुक्रवारी त्याने मला घ्यायला येऊन गाडी वसतिगृहाखाली उभी केली, आणि मी वर खोलीत चमकलो. विहिरीवरचं इंजिन! डुग... डुग-डुग... डुग. आता बंद पडतंय असं वाटावं आणि पडू नये. नंतर कळलं की कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बदलली की आयडलला, म्हणजे उभ्याउभ्या, गाडी अशी लंगडते, आणि हे लंगडणं म्हणजेच मिरवायची गोष्ट.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी रस्ता सांगतो. वूडवर्ड ॲव्हेन्यू डेट्रॉइट नदीच्या काठून निघतो आणि वायव्येला पॉन्टिॲक गावापर्यंत जातो. त्याला आडवे रस्ते मैलांच्या नावाचे, आठ मैल, नऊ मैल, दहा मैल असे. शहराबाहेर पडलं की रुंद, सरळसोट, मधे गवताचा ऐसपैस दुभाजक आणि त्यात जागोजाग वळायला वाटा. म्हणजे चकरा मारायलाच बांधल्यासारखा. खालचं टोक रॉयल ओकचं 'टोटेम पोल' ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीतच बसून खायचं हॉटेल, वरचं टोक स्क्वेअर लेक रोडचं 'टेड्स'. यामधे रात्री आठ ते एक वर-खाली, वर-खाली. शर्यत लागायची ती सिग्नल ते सिग्नल. शेजारच्या गाडीकडे एक नजर, हनुवटीची एक उचल, हिरवा पडला की सुटायचं. आणि गंमत अशी की शेजारच्या गाडीत कधीकधी वर्गणी काढून गाडी घेतलेली पोरं नसायचीच. चाळिशीचा, टायवाला, कंपनीचा इंजिनिअर असायचा, बाजारात न आलेलं इंजिन बॉनेटखाली घालून आलेला. जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायस्लर या तीनही मोठ्या कंपन्यांची माणसं इथे येऊन गाड्या तपासून जात, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं.

माझं काम काय? बाजूला बसून तिघांचे पॉपचे ग्लास सांभाळणे. (मिशिगनमध्ये सोडा म्हणायचं नाही. पॉप.) पेट्रोल ३४ सेंट गॅलन. पण ही बया साधं पेट्रोल पीत नसे. सनोकोच्या पंपावर एक चकती असायची, १९०पासून २६०पर्यंत आकडे. आमचा मित्र चकती २६०वर नेऊन ठेवायचा आणि मी मनातल्या मनात हिशेब करायचो, दहा मैलाला एक गॅलन, माझ्या वाट्याचे पन्नास सेंट, म्हणजे दोन दिवसांचं दूध.

ट्रेबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो. कुणी या रात्री पाहिल्यात का इथे?

टोचन

काका, नाद खुळा! कोल्हापुरात गॅरेज आहे माझं. तीन कार्ब्युरेटर ट्यून करणं म्हणजे तीन सुनांना एका स्वयंपाकघरात नांदवणं. एकीचा स्क्रू पाव आटा फिरवला की दुसरी रुसते. कानाला रबरी नळी लावून हवेचा आवाज ऐकत जुळवायचे का ते?

जुना_खटारा

टोचन, अगदी तसंच! नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. पण त्यातही त्याची सोय होती. एरवी मधला एकटाच चालायचा, पाय पूर्ण दाबला की पुढचा-मागचा उघडायचे. उघडले की आवाज बदलायचा आणि पोटात खड्डा पडायचा. ती गाडी कागदावर चोरटेपणाने जन्मलेली. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा जनरल मोटर्सचा फतवा होता. पॉन्टिॲक या त्यांच्याच ब्रँडच्या मंडळींनी, त्यात इंजिनिअर जॉन डीलोरिअन होते, १९६४ला जीटीओ ही वेगळी गाडी न दाखवता टेम्पेस्ट-ल मान्सवरचा एक 'पर्याय' म्हणून दाखवली. फतवा गाडीला होता, पर्यायाला नव्हता. सरकारी कचेरीत आयुष्य गेलेल्या माझ्या मामांना ही पळवाट ऐकून फार आनंद झाला होता.

फ्रेमाँटकर

सुंदर धागा. पण एक दुरुस्ती, हलकेच घ्या. तुम्ही सांगताय ती मसल कार. कारखान्यातूनच दांडगी होऊन आलेली. हॉट रॉड म्हणजे घरी घडवलेली. ती आमच्या कॅलिफोर्नियाची.

१९३२ची फोर्ड घ्यायची. व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या खिशात आणणारी हीच पहिली गाडी, ६५ हॉर्सपॉवरची. मडगार्ड काढून फेकायची, बॉनेटच्या बाजू काढायच्या, छपराचे खांब तीन-चार इंच कापून पुन्हा जोडायचे. गाडी मग डोळे बारीक करून बघतेय अशी दिसते. वजन कमी, वारा कमी, वेग जास्त. ही पोरं लॉस एंजेलिसहून मोहावी वाळवंटात जायची, म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर. जमीन फरशीसारखी सपाट, वेग मोजायला त्याहून चांगली जागा नाही. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ची. महायुद्धातून परतलेल्या पोरांच्या हातात विमानं आणि ट्रक दुरुस्त करायचं कसब आलं आणि सगळ्या आळीत वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागल्या. 'हॉट रॉड' मासिक जानेवारी १९४८चं. रस्त्यावरच्या शर्यतींनी लोक वैतागले, तेव्हा वॉली पार्क्स यांनी १९५१ला एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) काढून पोरांना रस्त्यावरून ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीवर नेलं.

आता अवांतर वाटेल, पण नाही. मी १९८४ला सॅन होजेला आलो तेव्हा स्टोरी रोड आणि किंग रोडच्या चौकात शनिवार-रविवारी लोरायडर यायचे. मेक्सिकन-अमेरिकन पोरांच्या गाड्या. तुमच्या जीटीओच्या अगदी उलट. वेग नकोच, गाडी रस्त्याला टेकेल इतकी खाली आणि बैलाच्या चालीने. 'लोरायडर' मासिक सॅन होजेतच १९७७ला निघालं. राज्याने १९५०च्या दशकाच्या अखेरीस कायदा केला होता की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली नको. मग पोरांनी विमानांचे जुने हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी उभी राहते. गेला की बसते. तो कायदा आणि गावोगावच्या क्रूझिंगबंद्या १ जानेवारी २०२४पासून राज्यभर रद्द झाल्या.

पेठेतला_पेन्शनर

पेट्रोल जाळत एकाच रस्त्यावर वर-खाली करण्यात कसलं आलंय काव्य? बाकी ड्राइव्ह-इन आमच्या मुंबईतही होतं, वांद्र्याला कलानगरजवळ. गाडीत बसून सिनेमा पाहिलाय.

सातारी_कंदी

ते थिएटर हो. इथे हॉटेल चाललंय. आणि संध्याकाळी यझदीवरून फर्ग्युसन रस्त्याला चकरा मारणाऱ्यांनी काव्याबद्दल बोलू नये, तुमचे जुने प्रतिसाद आहेत माझ्याकडे :)

पेठेतला_पेन्शनर

ती राजदूत होती. यझदी मित्राची.

माहेर_मिरज

काका, मी १९७५ला लग्न होऊन आले, डेट्रॉइटजवळच. रेसबिस काही पाहिलं नाही, पण ड्राइव्ह-इनला मी जन्माची ऋणी आहे. का ते सांगते.

नवऱ्याच्या मित्रांबरोबर पहिल्यांदा बसून जेवायच्या हॉटेलात गेलो तेव्हा साडी, कुंकू, दोन वेण्या. सगळं हॉटेल वळून बघत होतं. वाईट नजरेनं नाही, पण घास उतरेना. पुढच्या रविवारी हे मला ए अँड डब्ल्यू नावाच्या ड्राइव्ह-इनला घेऊन गेले. गाडी खाली रंगवलेल्या पट्ट्यात लावायची, हेडलाइट लावायचे, की मुलगी वही घेऊन येते. ऑर्डर आली की काच चार बोटं वर ठेवायची, ती ट्रेचे आकडे काचेवर अडकवते, टेकू दाराला लागतो. झालं, आपल्या खोलीत आपण! मी पर्समधून लोणच्याची बाटली काढली. फ्राइज आणि मिरजेहून आलेलं कैरीचं लोणचं. कोण बघतंय!

रूट बीअरचं (नावाला बीअर, पण बिनदारूचं गोड पेय) मात्र विचारू नका. थंडगार काचेचा मग, वर बर्फाचा थर, दिसायला काय देखणं. एक घोट घेतला आणि मी म्हटलं, अहो, यात आयोडेक्स पडलंय. ते हसून हसून स्टिअरिंगवर आडवे. पुढे कितीतरी वर्षांनी मुलीने, ती फार्मसी शिकली, सांगितलं की आई, तू बरोबर होतीस. रूट बीअरला जो विंटरग्रीन या झुडपाचा वास असतो, तेच मिथिल सॅलिसिलेट आयोडेक्समध्ये असतं. आता मला ते आवडतं. पाय मुरगळला की आठवण येते आणि रूट बीअर प्यायले की पाय आठवतो.

टोचन

मेलो हसून. मिरज ताई, हे लग्नाच्या अल्बममध्ये लिहून ठेवा.

जुना_खटारा

माहेर_मिरज, मी तर ते ग्लास रस्त्यात गटारावर ओतून टाकत असे, मित्राच्या नकळत. दोन महिने त्याला वाटत होतं की मला फार आवडतं.

शाकाहाराचं प्रकरण असं. मी सांगायचो, चीजबर्गर, पण मांस नको. मुलगी आत जायची, परत यायची. "मांस नको म्हणजे चांगलं शिजवलेलं हवं का?" नाही हो, नकोच. आत जायची, पुन्हा परत. "कुकने विचारलंय, मग आत काय घालू?" चीज, कांदा, लोणचं, टोमॅटो. चौथ्या शुक्रवारी ती गाडीजवळ आली, माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता वहीत काहीतरी लिहिलं. मान वाकडी करून वाचलं. 'कांदा सँडविच, तोच मुलगा.' अमेरिकेत मला कुणीतरी ओळखतं, हे तेव्हा प्रथम वाटलं.

आता ट्रे. एका रात्री, ठिकाण सांगत नाही, ट्रे काचेला असतानाच शेजारून एका काळ्या प्लिमथने हनुवटी उचलली. मित्राने मागचापुढचा विचार न करता गाडी काढली. ट्रे माझ्या बाजूला. तीन पॉप, एक शेक आणि कांदा सँडविच अंगावर घेऊन मी पन्नास मैलांच्या वेगाने चाललोय आणि एका हाताने ट्रे धरून ठेवलाय, कारण तो सुटला तर मागच्याच्या काचेत जाईल. शर्यत हरलो. ट्रे परत करायला जायची लाज वाटली. सत्तावन वर्षं उलटली. व्याज लावलं तर हॉटेल विकत येईल.

अनुस्वार

वाचायला छान वाटतंय, पण एक विचारते. तुम्ही १९६८ म्हणताय. त्याच्या आदल्या वर्षी जुलैत त्याच शहरात दंगल होऊन ४३ माणसं गेली होती. आठ मैलाचा रस्ता ही काळ्या डेट्रॉइटची आणि गोऱ्या उपनगरांची सीमा होती. तुमचं टोटेम पोल आणि टेड्स दोन्ही सीमेच्या वर. मग हे 'सोनेरी दिवस' नक्की कुणाचे? स्मरणरंजनात हे नेहमी गळतं.

पेठेतला_पेन्शनर

आलं राजकारण. प्रत्येक धाग्यावर आणलंच पाहिजे का?

जुना_खटारा

पेन्शनर, थांबा. त्यांचा प्रश्न बरोबर आहे आणि मी ते लिहायचं टाळलं होतं.

मी उतरलो तेव्हा बाराव्या रस्त्यावर जळक्या भिंती तशाच उभ्या होत्या. लॅबमध्ये दोन काळी मुलं होती, दोघंही गाड्यांची वेडी, एकाला तर इंजिनातलं माझ्या मित्रापेक्षा जास्त कळायचं. शुक्रवारी त्यांना कधी आमच्या गाडीत पाहिलं नाही. मी एकदा विचारलं, येतोस का? तो म्हणाला, "तू जा. तुला ते अजून ओळखत नाहीत." तेव्हा मला वाक्य कळलंच नाही.

एकदा वरच्या एका उपनगरात पोलिसाने थांबवलं. वेगासाठी नाही, आम्ही उभेच होतो. विजेरी माझ्या तोंडावर धरून त्याने मित्राला विचारलं, "हा कोण?" मला नाही, त्याला. मित्र म्हणाला, इंडियाचा आहे, इंजिनिअर आहे. विजेरी खाली झाली. इंडियाचा नसतो तर खाली झाली असती का, हा प्रश्न मला पुढे पुष्कळ वर्षांनी पडला. त्या रात्री मला फक्त सुटलो असं वाटलं, आणि आपण 'ते' नाही याचं थोडं बरंही वाटलं. आता लिहिताना ते बरं वाटणंच टोचतं. तरी त्या रात्री मी आनंदात होतो, हेही खोटं नाही. दोन्ही लिहिल्याशिवाय धागा अर्धा.

अनुस्वार

धन्यवाद, काका. एवढं कुणी लिहीत नाही.

नोव्हीचा_नवखा

मी सध्या डेट्रॉइटजवळच, इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांवर काम करतो. गेल्या वर्षी ड्रीम क्रूझला (वूडवर्डवर दर ऑगस्टात भरणारा जुन्या गाड्यांचा मेळा) माझी गाडी घेऊन गेलो. एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी येऊन म्हणाले, "पोरा, तुझी बंद पडलीय." :)

एक शंका. इतकी मजा होती तर हे सगळं संपलं कसं? सगळे एकदम म्हातारे झाले का?

फ्रेमाँटकर

ड्राइव्ह-इनचं संपणं तर फार आधी सुरू झालं. मॅकडोनाल्ड बंधूंचं सॅन बर्नार्डिनोचं हॉटेलसुद्धा आधी गाडीपाशी मुली पाठवणारं ड्राइव्ह-इन होतं. धंदा जोरात, पण पोरांची टोळकी तासन्‌तास ठिय्या देऊन बसायची, काचसामान फुटायचं. १९४८ला त्यांनी हॉटेल काही महिने बंद ठेवून मुलींना काढलं, काट्या-चमच्यांना काढलं, नऊ पदार्थ ठेवले, १५ सेंटला हॅम्बर्गर, खिडकीशी या, घ्या आणि जा. आपण सगळे ज्या गोष्टीसाठी हळहळतोय, म्हणजे बसून राहणं, तेच त्यांना नको होतं.

जुना_खटारा

नवख्या, गाड्यांचं सांगतो. आधी विम्याने मारलं. पंचविशीच्या आतल्या पोराला मोठ्या इंजिनाचा हप्ता गाडीच्या हप्त्याला भारी व्हायला लागला. मग धुराचे कायदे. पेट्रोलमधलं शिसं काढायचं म्हणून १९७१ला जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, जोर गेला. ऑक्टोबर १९७३ला अरबांनी तेल तोडलं, पंपावर रांगा, जानेवारीत देशभर ५५ मैलांच्या वेगमर्यादेचा कायदा. पण आमच्या गाडीपुरतं त्याआधीच संपलं होतं.

सातारी_कंदी

म्हणजे? त्या मित्राचं काय झालं पुढे? तुम्ही मघापासून त्याला टाळताय.

जुना_खटारा

टाळत होतो खरं.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सैन्यभरतीतून मिळणारी सूट १९६८ला बहुतेक संपलीच होती. १ डिसेंबर १९६९ला संध्याकाळी सोडत निघाली, व्हिएतनामची. वर्षाच्या ३६६ तारखा निळ्या कॅप्सुलांत भरून काचेच्या भांड्यात. ज्याची जन्मतारीख आधी निघेल तो आधी जाणार. वसतिगृहाच्या हॉलमध्ये चाळीस पोरं टीव्हीसमोर, मी दाराशी. माझ्या पासपोर्टमुळे मला त्या भांड्यात जागा नव्हती. पहिली तारीख १४ सप्टेंबर निघाली, कुणीतरी मागे शिवी हासडली. मित्राची पहिल्या पन्नासात आली. तो काही बोलला नाही. खाली जाऊन गाडीत बसला. मी शेजारी बसलो. त्याने इंजिन चालू केलं आणि आम्ही कुठेही गेलो नाही. डुग... डुग-डुग. बर्फ पडत होता. काचा आतून धुकटल्या.

मार्चमध्ये तो म्हणाला, गाडी तू घे. नऊशे डॉलर, जमतील तसे दे. माझ्याकडे सहाशे चाळीस होते. पण तासगावला धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. मी पैसे घरी पाठवले. गाडी टोलेडोच्या एका माणसाने नेली. मी पुढे दीडशेला एक फोर्ड फाल्कन घेतली, रस्त्यावरच्या मिठाने तळ इतका खाल्लेला की पायाखालून रस्ता पळताना दिसायचा.

बहीण मजेत आहे, नातवंडं झाली. तिला हे कधी सांगितलेलं नाही. ती असली मराठी संकेतस्थळं काही वाचत नाही, व्हॉट्सॲपवरच असते, म्हणून लिहिलं.

माहेर_मिरज

अहो पण तो परत आला ना?

जुना_खटारा

आला. १९७२ला. दोन्ही हातपाय शाबूत, बोलणं कमी झालेलं. पंधरा-वीस वर्षं वूडवर्डवरून जाताना आम्ही दोघं हवापाण्याबद्दल बोलायचो. मग १९९५ला फर्नडेलच्या लोकांनी मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे जमवायला एक दिवस जुन्या गाड्या वूडवर्डवर आणायचं ठरवलं. थोडेफार येतील असं वाटलं होतं, आली अडीच लाख माणसं. तेव्हापासून ऑगस्टचा तिसरा शनिवार. पहिल्या वर्षी त्यानेच फोन केला, "खुर्ची आण."

आता त्याला ऐकू फार कमी येतं. यंत्र कानात घालत नाही, म्हणतो गर्दीत नुसता खरखराट होतो. पण खुर्ची अगदी कडेला लावतो आणि तळवा खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर ठेवतो. गाड्या जवळून जातात. मधेच डोळे न उघडता म्हणतो, "तीनशे एकोणनव्वद." मी बघतो. बहुतेकदा बरोबर असतो.

टोचन

काका...

(इथं गॅरेजात सगळ्यांना वाचून दाखवलं. पोरं गप्प आहेत.)

नोव्हीचा_नवखा

काका, या ऑगस्टला मी येऊ का भेटायला? कुठे बसता तुम्ही?

जुना_खटारा

ये की. तेरा मैलाच्या थोडं वर, पूर्वेच्या बाजूला, म्हणजे दुपारनंतर ऊन तोंडावर येतं, टोपी आण. खुर्च्या सकाळी सातला मांडून ठेवाव्या लागतात, नाहीतर जागा जाते. गाडी लांब लाव, वूडवर्डला चिकटून लावलीस तर रात्रीपर्यंत निघणार नाही. आणि चार्ज करून ये.

माहेर_मिरज

आम्हीही येऊ. लोणचं आणते. काका, ट्रेचं ते रबरी बोंड शोधून ठेवा, नाहीतर काचेवर ओरखडे पडतील.

टोचन

बोंड मी पाठवतो. स्कूटरच्या स्टँडचं बसेल. मापं टाका.